देवळाच्या भिंतीवरची बायडाबाई

शेरीवाडीच्या येमाईचं देऊळ नव्यानं बांधून झालं आणि सभामंडपातल्या मोठ्या भिंतीवर देवीचं चित्र काढायचं काम सर्जेराव सरांकडं आलं, तेव्हा सरांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. एवढी मोठी भिंत त्यांना आयुष्यात कधी मिळाली नव्हती. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ते एकटेच देवळात गेले, कोऱ्या प्लास्टरवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि मग अंधार पडायच्या आत मोटारसायकल काढून वरकुट्याला घरी आले. जेवताना बायकोला म्हणाले, "प्रयागा, काम आलंय. खरं काम."

सर वरकुट्याचे, घर धनगराचं. आजोबा मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचे. वडिलांच्या काळात कॅनॉलचं पाणी आलं, मेंढरं विकली गेली आणि रानात ऊस उभा राहिला. सर्जेरावांना ना मेंढरांची ओढ होती ना उसाची. कोळसा दिसला की घरामागच्या खडकावर माणसांची तोंडं काढायची, एवढाच नाद. वडील वैतागून म्हणायचे, "ह्याच्या हातात खुरपं टिकत न्हाय." शेवटी त्यांनीच पोराला पुण्याला चित्रकलेच्या शिक्षणाला घातलं. तिथं सरांच्या व्यक्तिचित्रांचं नाव झालं. एक प्राध्यापक तर मागंच लागले होते, मुंबईला जा, पुढचं शीक म्हणून. पण वडील अंथरुणाला खिळले, धाकट्या बहिणीचं लग्न निघालं, आणि कळंबच्या पुढं कॅनॉलच्या कडेला असलेल्या शेरीवाडीच्या शाळेत चित्रकला शिक्षकाची जागा निघाली. थोडे दिवस करू आणि मग बघू, असं म्हणून ते हजर झाले आणि तिथंच त्यांचे केस पिकले.

सुरुवातीला बरं चाललं. पोरं एलिमेंट्री, इंटरमिजिएटला बसायची, पास व्हायची. सुट्टीत सर दूध डेअरीचे, खतांच्या दुकानांचे बोर्ड रंगवायचे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर मोर काढायचे. मग बारामतीहून फ्लेक्स यायला लागले. मोबाइलवर फोटो पाठवला की संध्याकाळपर्यंत बोर्ड छापून हजर. सरांना बोलावणारं कुणी उरलं नाही. शाळेतही चित्रकलेचा तास हा दुसऱ्या कुणाचा तरी राहिलेला अभ्यासक्रम पुरा करायचा तास झाला. गणिताचे मास्तर दारातनं डोकं आत घालून विचारायचे, "सर, घेऊ का पोरं?" आणि सर म्हणायचे, "घ्या." घरी लोखंडी कॉटखाली त्यांची जुनी चित्रं होती. प्रयागबाईनं ती जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. वर्षातनं एकदा ती त्यावरची धूळ झटकायची. सर बघायचे नाहीत.

म्हणून देवळाची भिंत मिळाली तेव्हा सर बदलले. शाळा सुटली की देवळात, रविवारी दिवसभर देवळात. बांबूची परांची बांधून घेतली, प्रायमरचे हात मारले, कोळशानं रेखाटन केलं. हिरवं लुगडं, हातातली आयुधं, पायाशी बसलेला वाघ, मागं शेरीवाडीचाच माळ आणि त्यावरची बाभळ. येणारी-जाणारी माणसं थांबायची, मान वर करून बघायची. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष दादासाहेब रोज एक चक्कर टाकायचे. त्यांनी एक कॅलेंडर आणून दिलं होतं.

"सर, अशीच काढा. फकस्त मोठी."

कॅलेंडरवरची देवी गोरीपान होती, गुलाबी गालांची. टीव्हीवरच्या नटीनं मुकुट घालावा तशी. सरांनी ते कॅलेंडर घेतलं, गुंडाळलं आणि परांचीच्या एका बांबूत खोचून ठेवलं. सगळं चित्र होत आलं, तरी चेहऱ्याची जागा कोरीच राहिली. त्या माळावर, त्या बाभळीखाली तसलं गुलाबी तोंड बसत नव्हतं.

चेहरा त्यांना शाळेत सापडला.

चित्रकलेच्या खोलीची खिडकी शाळेच्या स्वयंपाकाच्या शेडकडं उघडायची. तिथं बायडाबाई पोरांची खिचडी शिजवायची. ती दादासाहेबांच्याच धाकट्या भावाची बायको. भाऊ दारू पिऊन पिऊन कधीच गेला होता. बायडाबाई लेकीला घेऊन कॅनॉलच्या कडेला एका खोलीत राहायची. लेक श्रेया बारामतीला नर्सिंगचं शिकत होती. सर बायडाबाईला वर्षानुवर्षं बघत होते, म्हणजे जसं भिंतीवरचं घड्याळ बघतो तसं.

त्या दुपारी पोरांची रांग ढकलाढकलीत मोडली आणि एक लहानगं पोरगं चुलीवरच्या पातेल्याच्या अगदी जवळ जाऊन पडलं. बायडाबाईनं एका हातानं त्याला मागं खेचलं, दुसऱ्या हातात पळी तशीच वर धरलेली, पदर खांद्यावर घसरलेला, आणि सगळ्या रांगेवर ती अशी काही ओरडली की पोरं जागच्या जागी उभी राहिली. मग तिनं त्या पोराचे गुडघे बघितले, आणि तोंडावरचा राग तसाच असताना डोळ्यांत पाणी आलं. तिच्या डाव्या भुवईवर एक तिरकी खूण होती. तिच्यामुळं ती भुवई जराशी वर ओढल्यासारखी दिसायची, आणि त्या क्षणी तर सगळा चेहराच त्या भुवईनं तोलून धरल्यासारखा वाटला.

सरांच्या हातातला खडू खाली पडला. घरी जाऊन त्यांनी तो चेहरा आठवून कागदावर काढला. पोरांना स्मरणचित्र शिकवताना ते सांगायचे, आधी पोटभर बघा, मग डोळे मिटा, मग काढा. तसंच केलं. कितीतरी वर्षांत हात असा चालला नव्हता.

बायडाबाईला विचारावं, असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पाण्याच्या निमित्तानं ते शेडपर्यंत गेले. तिनं तांब्या पुढं केला. "सर, आज लय ऊन हाय," ती म्हणाली. सर पाणी प्यायले आणि परत आले. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि नाही म्हणाली असती तर असला चेहरा परत कुठनं आणायचा? म्हणून विचारलंच नाही. मनाची समजूत घातली, की आपण काही तिचं चित्र काढत नाही, तिच्या नजरेतलं तेवढं घेतोय. पण भिंतीवर रंग चढायला लागले तसं सगळंच आलं. सावळा वर्ण आला, रुंद कपाळ आलं, रागाच्या मागं ओले झालेले डोळे आले. खूण त्यांनी आधी सोडून दिली होती. पण तिच्याशिवाय भुवई मरगळलेली दिसायला लागली. मग तीही काढली.

चैत्रातल्या यात्रेच्या दिवशी सकाळी पडदा काढला. सभामंडप भरलेला. गुलाल, हलगी, पोरांचा गलका. पडदा खाली आला आणि सगळे गप्प झाले. हळूहळू माणसांचे हात जोडले गेले. सर खांबाआड उभे होते. 

तेवढ्यात पुढं बसलेली म्हातारी आक्काबाई हात कपाळाला लावून म्हणाली, "अगं बया! ही तर आपली बायडा!"

कुणीतरी हसलं. मग सगळ्या माना मागं वळल्या. बायांच्या घोळक्यात शेवटी बायडाबाई उभी होती. तिनं भिंतीकडं बघितलं. मग पदर पुढं ओढला, पार भुवया झाकतील एवढा, आणि चपला न घालताच बाहेर निघून गेली.

पहिले काही दिवस गमतीत गेले. बाहेरगावची माणसं चित्र बघायला यायला लागली. सरांना लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, "काय डोळं काढल्यात, सर!" सर मान खाली घालून ऐकायचे, पण आतनं सुखावायचे. मग कुणीतरी मोबाइलवर बायडाबाईचा चोरून फोटो काढला आणि चित्राशेजारी लावून गावाच्या ग्रुपवर टाकला. तिथनं तो पुढं गेला, कळंब, निमगाव, इंदापूर. शाळेतली मोठी पोरं खिचडी घेताना तिच्या पाया पडायला लागली आणि पाठ वळली की खिदळायला लागली. पारावर बसलेल्यांचं बोलणं वेगळ्याच वाटेनं गेलं.

"भुवईवरची खूणसुदीक सोडली न्हाय. एवढं बारीक कोण बगतं रं?"

"मास्तरच्या खिडकीतनं शेड दिसतंय की."

हे बोलणं वरकुट्याला पोचायला वेळ लागला नाही. प्रयागबाईनं एका संध्याकाळी भाकरी थापता थापता विचारलं, "लोक बोलत्यात ते खरं हाय का?"

"न्हाय," सर म्हणाले. "तुझ्या गळ्याची शप्पथ, तसलं काय न्हाय."

"मला ठाव हाय तसलं न्हाय." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "पर तिला इचारलं व्हतं का?"

सरांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"न्हाय ना? मला तरी कधी समोर बसवून काढलंत का तुमी? एवढी वरसं झाली. मी म्हनायचे, नसंल आपलं त्वांड काढन्याजोगं." ती भाकरीच बघत होती. "आता तिचं काढलं ते बी चोरून."

श्रेयाची सोयरीक ठरत आली होती. मुलाकडची माणसं बारामतीची, मुलगा एमआयडीसीत नोकरीला. बैठकीचा दिवस धरलेला होता. त्यांच्याही मोबाइलवर तो फोटो पोचला. निरोप आला, आमाला एवढ्यात करायचं न्हाय. कारण सांगितलं नाही, पण ते सगळ्यांना कळलं. शाळेनं बायडाबाईला सांगितलं, थोडे दिवस येऊ नका, वातावरण निवळू द्या. तिच्या जागी दुसरी बाई आली. सरांनी त्या दिवसापासून खिडकीची दारं लावून घेतली.

दादासाहेब कमिटीची माणसं घेऊन शाळेतच आले.

"सर, तुमी शिकलेली मानसं. आमच्या घरची बाई अशी भिंतीवर चढवायची? आमाला भाईर त्वांड दावायला जागा ठेवली न्हाय तुमी."

आमच्या घरची, हे शब्द ऐकून सरांना राग आला. भाऊ गेल्यावर याच माणसानं बायडाबाईला घरातनं बाहेर काढलं होतं, हे सगळं गाव जाणत होतं. "चित्र बघून आधी हात जोडले होते तुम्हीसुद्धा," सर म्हणाले.

"जोडलं व्हतं. देवीला जोडलं व्हतं. आमाला काय ठाव कुनाला जोडतोय?" दादासाहेब उठले. "चेहरा बदला. कॅलिंडर दिलंय तुमाला. न्हायतर आमी भित चुना लावून पांढरी करतो."

सर त्या रविवारी कॅनॉलच्या कडेनं बायडाबाईच्या खोलीकडं गेले. ती दारात बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. श्रेया घरी आलेली होती. सरांना बघून ती आत गेली आणि दार अर्धवट लोटलं. बायडाबाईनं बसायला सांगितलं नाही. सर उभेच राहिले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "ही खून कशाची हाय, ठाव हाय का तुमाला?"

"न्हाय."

"आमच्या मालकांनी तांब्या फेकून मारला व्हता. हिच्या जल्माच्या येळंला. पोरगी झाली म्हनून." तिनं दाराकडं मान हलवली. "तवापास्नं मी पदर कपाळावर घेती. चुलीम्होरं तेवडा सुटतो. इतकी वरसं झाकून ठेवली, सर. ती तुमी देवळात नेऊन लावली. आता समदं गाव इचारतंय, ही कशाची खून, ही कशाची खून."

 कॅनॉलच्या पलीकडं उसाचा एक ट्रॅक्टर गाणी लावून चालला होता, तो पार लांब गेला.

"मी यकदा बगायला गेले व्हते," ती एकदम म्हणाली. "पहाटंचं, कुनी नसताना. लय येळ बगत बसले. वाटलं, आपुन अशी दिसतो? इतकी चांगली?" तिचा आवाज कापला आणि मग ती चिडलीच. "त्याचाच जास्त राग आला मला! इतकं चांगलं बगितलं व्हतं तर यका शब्दानं इचारायचं व्हतं. मी मानूस न्हाय का?"

"काय करू, सांगा. तुम्ही म्हणाल ते करतो."

आतनं श्रेयाचा आवाज आला, "पुसा म्हणावं, आई. पुसून टाका म्हणावं ते."

बायडाबाईनं सरांकडं बघितलं. पदर कपाळावरच होता, पण डोळे तेच होते, फक्त त्यांत आता ओल नव्हती. "पुसा," ती म्हणाली. "आन कुणाच्या पाठीमागं न्हाय. समद्यांम्होरं पुसा."

सरांनी तसं केलं. भर दुपारी परांचीवर चढले. खाली कमिटीची माणसं, पोरं, बाया. पातळ केलेला पांढरा रंग घेऊन त्यांनी आधी डोळे झाकले, मग भुवया, मग ओठ. एका हातात चेहरा गेला नाही. पांढऱ्याखालनं तो पुन्हा पुन्हा वर येत होता, तशी खाली माणसं कुजबुजायची. दुसरा हात द्यावा लागला, मग तिसरा. रंग वाळला तसा त्यांनी कॅलेंडर उलगडलं आणि गुलाबी गालांची देवी काढायला घेतली. ते काम सोपं होतं. हात आपोआप चालला, विचार करावा लागला नाही. संध्याकाळपर्यंत नटीसारखं तोंड भिंतीवर हसायला लागलं. दादासाहेब खालून म्हणाले, "हां! आता कशी देवी दिसती." लोकांनी हात जोडले. सर खाली उतरले, ब्रश पाण्यात धुतले आणि कुणाशी न बोलता घरी गेले.

बायडाबाई शेरीवाडीत राहिली नाही. सोयरीक परत जुळली नाही आणि शाळेनंही तिला परत बोलावलं नाही. ती नरसिंहपूरला भावाकडं गेली, असं सरांनी कुणाकडनं तरी ऐकलं. तिथं देवळाच्या वाटेवर हार-फुलं घेऊन बसते म्हणाले. एकदा सर पोरांची सहल घेऊन संगमावर गेले होते, तेव्हा त्यांना ती लांबून दिसलीसुद्धा. टोपलीतल्या फुलांवर पाणी मारत होती. सरांनी पोरांना दुसऱ्या वाटेनं घाटावर नेलं. पुढं होऊन बोलायचं धाडस झालं नाही.

राहिलेली नोकरी त्यांनी कशीबशी केली. तासाला पोरांना मडकी, केळी, जास्वंदीची फुलं काढायला द्यायचे. माणसं काढायला शिकवायचं त्यांनी सोडलं. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं शाल आणि नारळ दिला. मुख्याध्यापक भाषणात म्हणाले, की देवळातली सुंदर देवी म्हणजे सरांनी गावाला दिलेली ठेव आहे. सरांनी उत्तरादाखल दोनच वाक्यं बोलून आटोपतं घेतलं.

पुढं प्रयागबाईच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशनसाठी तिला बारामतीच्या एका दवाखान्यात दाखल केलं. तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला आलेली सिस्टर श्रेया होती. सरांनी तिला ओळखलं. तिनंही ओळखलं, हे तिच्या हातावरनं कळलं. तो क्षणभर थांबला आणि मग पुन्हा नेमका चालला. "मान वर करा, मावशी," ती एवढंच म्हणाली.

ऑपरेशननंतर प्रयागबाई डोळ्याला पट्टी बांधून झोपली होती. सर बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले होते. श्रेया येऊन थोडं अंतर ठेवून उभी राहिली.

"आई कशी हाय?" सरांनी विचारलं. 

"आई गेली, सर. दिवाळीच्या आधी. काविळीचं निमित्त झालं, उशिरा कळलं." ती हातातल्या पेनाच्या टोपणाशी चाळा करत राहिली. "तिचा एक धड फोटो नाही आमच्याकडं. ग्रुपवरचा तो फोटो मी तेव्हाच पुसून टाकला, आता कुणाकडंच सापडत नाही. आधार कार्डावरचा मोठा करून लावलाय भिंतीवर. ती तशी दिसत नव्हती. कशीच दिसत नाही त्यात."

सर खाली बघत होते.

"तेव्हा मीच आतनं ओरडले होते पुसा म्हणून," ती म्हणाली. "लहान होते मी. मला माझ्या लग्नाचं पडलेलं." मग जरा वेळानं, हलक्या आवाजात, "तुम्हाला आठवतो का तो चेहरा? काढून द्याल?"

सरांना हो म्हणावंसं वाटलं. हे काम त्यांना येत होतं, आयुष्यात एवढंच तर धड येत होतं. पण खोटं बोलवेना.

"मी काढून बघितलाय, श्रेया. ती गाव सोडून गेली तवापासनं. भिंत पुसली त्याच रात्री पहिला कागद मी जाळला, त्यानंतर किती कागद घातले. देवळातला चेहरा माझ्याकडनं परत होत न्हाय. मला एकच येतो. त्या दिवशी दारात बसून मला 'पुसा' म्हणाली, तो. तेवढाच येतो, दर वेळी. लय रागातला हाय."

 वॉर्डातनं कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली.

"तो नको," ती म्हणाली. "माझ्यावर ती कधी रागावली नाही, सर. मला तो नको." आणि ती हाकेच्या दिशेनं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रयागबाईला घरी नेलं. बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची एसटी लागलेली होती. त्यांनी तिला खिडकीशी बसवलं, वारा लागू नये म्हणून काच सरकवली. गाडी गावाबाहेर पडली. दोन्ही बाजूंनी तुटलेल्या उसाची रानं लागली, काही ठिकाणी पाचट जळत होतं, धूर रस्त्यावर येत होता. प्रयागबाईनं चांगल्या डोळ्यानं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि विचारलं, "काय म्हनत व्हती ती सिस्टर?"

"काय न्हाय," सर म्हणाले. "तिची आई वारली."

 प्रयागबाईनं डोकं सीटला टेकवलं. सर समोरच्या सीटच्या लोखंडी दांड्याला धरून बसले, वरकुट्याचा फाटा येईपर्यंत.